सगळे मला सांभाळून घेतात

"तिच्या तोंडात तुहे बोल नको भरू, अनुपमा," सत्यभामाबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "मोडकंतोडकं बोलते तं समजते तरी, तिच्या मनात काय हाय ते."

अनुपमा नुसती हसली. सासूबाईंना मुलाखत म्हणजे काय, हे काय ठाऊक! मांडीवर पेंगुळलेल्या लेकीला थोपटत तिनं समोर बसलेल्या सस्मिताला पुन्हा विचारलं, "हं, सांग. घरी काही अडचण आहे का?"

मघाशी याच प्रश्नावर गाडी अडली होती. सस्मिता जमिनीवर बोटानं रेघा ओढत म्हणाली होती, "अडचण है ना, दीदी. वो गुस्सा करता. सासू दार लावून घेते. मेरे को इधर अच्छा नाही वाटत."

"अगं, असं सांगायचं नसतं तिथं!" अनुपमानं तिला थांबवलं होतं. "कारखान्याचा शेठ म्हणेल, ही आज ना उद्या पळून जाणार. मग कोण ठेवून घेईल? हात मांडीवर ठेव. समोर बघ. आणि म्हण, मला इथं काही अडचण नाही. सगळे मला सांभाळून घेतात."

आता सस्मितानं हात मांडीवर ठेवले, समोर बघितलं आणि म्हटलं. पहिल्यांदा अडखळत, मग जरा बरं, मग अगदी स्वच्छ.

पिंपळगाव राजात भाजीपाला करणाऱ्या घरांतल्या काही पोरांना इकडं मुली मिळेनात, तेव्हा मध्यस्थ धरून लांबलांबून सुना आणल्या गेल्या. सस्मिता त्यांतलीच, ओडिशाची. तिच्या नवऱ्यानं, इंद्रभाननं मांडवात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'जयमाला' लिहिलं आणि गावानं तेच नाव धरलं. सस्मिता म्हणणारी गावात एकटी अनुपमा.

लेक होईपर्यंत अनुपमा पुण्यात एका कंपनीच्या नोकरभरतीत होती. टेबलापलीकडं बसून माणसांना प्रश्न विचारायचे, हेच तिचं काम. बाळंतपणात ते सुटलं. आता दिवसभर लेकीमागं डोळे लावून बसायची. पोरगी जरा जास्त वेळ झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. रिकामी दुपार खायला उठायची. म्हणून तिनं या नव्या सुनांना ओसरीवर बोलवायला सुरुवात केली. कुणाला काय येतं, काम कुठं मिळेल, तिथं कसं बोलायचं, हे सांगायचं. पैशाअडक्याचा प्रश्नच नव्हता. सत्यभामाबाई त्याला 'तुही शाळा' म्हणायच्या.

सस्मितानं तिरुपूरला कपड्यांच्या कारखान्यात काम केलं होतं. कॉलर लावण्यात हात बसलेला. खामगावात शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना होता. अनुपमानं तिथं फोन केला, मुलाखतीला स्वतः सोबत गेली. शेठनं दोन प्रश्न विचारले, दोन उत्तरं ऐकली आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. परतीच्या एसटीत सस्मिता खिडकीशी बसून सारखी हसत होती. पुढं एकदा गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचा फ्रॉक तिनं अनुपमाच्या लेकीसाठी आणला. बाह्यांना फुगे, गळ्याला इवलीशी कॉलर.

दिवाळीनंतर सस्मिता एसटीला दिसेना. तिची सासू गोजरबाई भाजी घेऊन बाजाराला निघालेली भेटली.

"सस्मि... जयमाला कामावर जात नाही का, मावशी?"

"कायले जाते? घरची भाजी कोन तोडीन? अन् बाई मानूस रोज उशिरा येते, मंग इंद्रभानचं डोकं फिरते. तुमाले काय, तुमच्या घरी सारं गोड!"

काही दिवसांनी सस्मिता कोथिंबीर द्यायच्या निमित्तानं आली. ओसरीवर टेकली. तेवढ्यात पोरगी उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिनं भोकाड पसरलं. अनुपमा उठायच्या आत सस्मितानं झेप घेतली, पोरीला छातीशी धरलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला.

"चूप, चूप. आवाज नहीं. आवाज नहीं."

तिची नजर रस्त्याकडं होती. हाताखाली पोरीचे डोळे मोठे झाले होते. अनुपमानं लेक ओढून घेतली. ओरडायला तोंड उघडलं, आणि मग तिला दिसलं, सस्मिता अजून रस्त्याकडंच बघत होती.

"कोण येणार आहे, सस्मिता? काय झालं?"

"कुछ नाही, दीदी." ती कोथिंबीर तिथंच टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अनुपमानं सरपंचांचं घर गाठलं. महादेवराव आधी कुरकुरले. "कोनाच्या घरात आपन काऊन डोकावावं, सूनबाई?" तिनं पिच्छाच सोडला नाही, तेव्हा बचत गटाच्या मंजुळाबाईंना घेऊन ते निघाले.

गोजरबाईनं अंगणात खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला. इंद्रभान दाराला टेकून मोबाइल बघत उभा राहिला. सस्मिताला समोर बाजेवर बसवलं. सगळ्यांच्या देखत.

"काय वं पोरी," महादेवराव म्हणाले, "काई तरास हाय का तुले? भेऊ नोको. सांग."

सस्मितानं हात मांडीवर ठेवले. समोर बघितलं.

"मला इथं काही अडचण नाही. सगळे मला सांभाळून घेतात."

"माय माय!" मंजुळाबाईंनी गालावर हात ठेवला. "केवढी साफ बोलते वं! आपल्या पोरीइले नाई येत अशी."

"अनुपमाबाईनंच शिकोलं ना," गोजरबाई कपबशा पुढं करत म्हणाली. सगळे हसले. इंद्रभानही.

"मंग माहेरी जावं वाटते का?"

"नाही. माझं सगळं इथंच आहे."

हेही ओसरीवरचंच होतं. अनुपमा खुर्चीच्या कडेवर आली. "काका, ऐका ना. ही वाक्यं मी तिला पाठ करून घेतली होती. नोकरीसाठी."

"हाव, चांगलं शिकोलं," महादेवराव म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

सस्मितानं एकदाच अनुपमाकडं बघितलं. पेपर देऊन आलेलं लेकरू बाईंकडं बघतं तसं. बरोबर आलं ना, दीदी?

चहा संपला. सगळे उठले. पायात चप्पल सरकवताना मंजुळाबाई अनुपमाला म्हणाल्या, "तुले लय काळजी करायची सवय हाय वं. लेकरावालीचं असंच असते."

त्यानंतर सस्मिता गावात दिसली नाही. गोजरबाईनं सांगितलं, "सोनाळ्याले पाठवली, इंद्रभानच्या मावशीकडं. तिथं वावरात मानूस लागते." फोन बंद. अनुपमा लेकीला कडेवर घेऊन सोनाळ्याला गेली. त्या मावशीचं घर कुणालाच सांगता येईना. पानटपरीवरचा एकजण म्हणाला, हाव, डोंगराकडच्या वावरात एक बाहेरची सून दिसते खरी. पण लेकीचं अंग दुपारपासून तापत होतं. अनुपमानं डोंगराकडं बघितलं, पोरीच्या कपाळाला हात लावला आणि परतीच्या एसटीत चढली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा त्या वावरात कुणीच नव्हतं.

घरी लेकीला आता आखूड झालेला निळा फ्रॉक सत्यभामाबाईंनी धुऊन, इस्त्री करून फडताळात ठेवला होता. कॉलर अजून ताठ होती.

त्या बाजूचं कोणी भेटलं की अनुपमा विचारते. हे वाचणाऱ्यांकडंही तिचं एवढंच मागणं आहे. सोनाळ्याकडं कुणाच्या वावरात, डाव्या भुवईवर बारीक व्रण असलेली, परमुलखातली सून दिसली, तर तिला जयमाला म्हणू नका, सस्मिता म्हणा. आजूबाजूला घरचं कोणी नसेल असं बघा. प्यायला पाणी मागा, जरा टेका. आणि कशी आहेस विचारल्यावर तिनं हात मांडीवर ठेवून, समोर बघत, स्वच्छ मराठीत सांगितलं की सगळे मला सांभाळून घेतात, तर लगेच उठू नका.