गोंदावरचं बोट

गोव्यात नार्व्याला गोकुळदासाच्या घरी कुणी पाहुणा आला की बायको, विमला, आधी त्याला न्हाणीघर दाखवायची. पाय धुवायला नव्हे, हात धुवायला. हात धुऊन, पंच्याला पुसून, मगच बाहेरच्या खोलीत. कारण खोलीत कपाट, कपाटात आल्बम, आणि आल्बमात घरधन्याची पोर्तुगीज अमदानीतली पोस्टाची तिकिटं. डिचोलीच्या खाणीवर कारकुनी करण्यात हयात गेलेला माणूस. तिथे दिवसभर लाल धुळीत बसायचा, पण घरी तिकिटावर धुळीचा कण दिसला की आकाशपाताळ एक करायचा. शेजारणी म्हणायच्या, "विमले, तुझ्या घरच्या देवांक तरी इतकं सोवळं आसा गे?" विमला हसायची. हसण्याखेरीज काय करणार?

ती विमला भाद्रपदात गेली. चवथ झाली, गणपती पोचवले, आणि आठवडा उलटायच्या आत तिचं काळीज बंद पडलं. चुडा भरून, मळवट भरून गेली म्हणून बायका म्हणाल्या, भाग्याची हो. गोकुळदास ऐकत राहिला. त्याला रडू आलं नाही.

त्या दिवशी आलं नाही, बाराव्याला आलं नाही, नंतरही नाही. गाव काय, बोलतोच. "माणूस की फातर?" असं त्याच्या कानावर आलं, तेही त्याला लागलं नाही. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की तो उठून दोघांपुरते पाव घ्यायचा. उरलेले संध्याकाळी गाईला घालायचा. भात शिजवायचा, जेवायचा, जनेलाशी बाहेर बघत बसायचा. यंदा घरात दसरा नाही, दिवाळी नाही. वर्षभर सण करायचे नसतातच, पण केले असते तरी त्याला कळलं असतं की नाही कोण जाणे.

एका गोष्टीचं मात्र त्याला भय वाटत होतं. डोळे मिटून विमलाला आठवायला गेलं की भिंतीवरचा फोटोच समोर यायचा, हार घातलेला. ती चालायची कशी, पदर कुठे खोचायची, काही म्हणता काही येईना. साड्या जावा-नणंदांना वाटल्या. अंथरूण रीतीप्रमाणे टाकून दिलं. पिंजरीचा करंडा, तिच्या कुंकवाचा, तिच्याबरोबरच गेला. लेकीनं मन लावून घर आवरलं होतं, इतकं की विमलाचं म्हणून बोट ठेवावं असं घरात काही उरलं नव्हतं. आणि ते उरलं नाही म्हणून दुखतही नव्हतं. बाई अशीच पुसून गेली तर, हे ते भय.

तिकिटांचंही तेच झालं. आल्बम उघडला तरी काही वाटेना. मग ठेवायचे कशाला? पौषात एके दिवशी त्यानं म्हापशाच्या कृष्णनाथाला फोन लावला. हा कृष्णनाथ मुंबईच्या एका लिलाववाल्यांसाठी गोव्यातली तिकिटं पारखतो. वयानं लहान, पण नजर घारीची. "सगळंच काढायचं म्हणतो," गोकुळदास म्हणाला. पलीकडे कृष्णनाथानं दोनदा विचारून खात्री केली. हा माणूस एक साधं तिकीट विकायचा नाही, आणि आज सगळंच?

ठरल्या दिवशी सकाळी तो आला. मोरजीला दिलेली लेक, सेजल, मुद्दाम आली होती. चहा टाकायला ती आत गेली आणि हे दोघे मेजाशी बसले. हात धुतले, भिंगं निघाली, चिमटे निघाले.

ज्यांना हा नाद नाही त्यांना एवढं सांगितलं पाहिजे, की तिकीट आपण पुढून बघतो आणि पारखी मागून बघतो. पुढं राजा असो की गलबत, ते सगळ्यांचं सारखंच. मागचा गोंद मूळचा आहे का, त्याला कधी पाणी लागलं का, कधी कुणाचं बोट लागलं का, यावर किंमत ठरते. गोव्याच्या दमट हवेत गोंद टिकवणं म्हणजे तान्ह्या पोराला जपणं. गोकुळदासानं जपला होता. कृष्णनाथ एकेक पान उलटत होता, "वा, बाब, वा" म्हणत होता आणि मोबाइलवर दर्जा टिपत होता. गोकुळदास मान हलवत होता, दुसऱ्याच कुणाची तरी तिकिटं असल्यासारखा.

मग ती चौकडी आली. एकमेकांना जोडलेली चार तिकिटं, छापखान्याच्या चुकीनं त्यांवरचा किमतीचा आकडा उलटा पडलेला. सुटी तिकिटं मिळतात. चार जोडलेली, तीही मूळ गोंदासकट, कुठे दिसत नाहीत. बोट लागेल या भीतीनं गोकुळदासानं ती कित्येक वर्षांत पानावरून उचललीच नव्हती. कृष्णनाथानं ती चिमट्यानं अलगद उचलली, पुढून पाहिली, हसला. उलटी केली आणि त्याचं हसू मावळलं.

"गोकुळदासबाब, हे काय?"

गोंदाच्या मधोमध लाल डाग होता. भिंगाखाली पाहिलं तर नुसता डाग नव्हे, बोट. रेषा न् रेषा उमटलेली. पिंजर होती ती.

"तशी सहा लाखांच्या खाली जायची नाही," कृष्णनाथ हळूच म्हणाला. "अशी गेली तर लाखही कठीण. डाग बघितला की बोलीवाले हात आखडतात. गोंद धुऊन टाकला तर निदान दोन-अडीच. 'गोंद नाही' असं आपण छापायचं, लपवाछपवी नको. कसं करायचं ते तुम्ही ठरवा. घाई नाही."

घाई नाही म्हणे! गोकुळदासाच्या डोक्यात तिडीक उठली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या अंगात काहीतरी उठलं. हे विमलाचंच काम! दर दसऱ्याला तिची कटकट, तुमच्या तिकिटांच्या पुस्तकांना पिंजर लावते म्हणून. खाणीवाल्यानं ट्रक पुजायचा, सुतारानं करवत पुजायची, मग तुमचीच विद्या काय उपाशी? तो म्हणायचा, खबरदार! कपाटाच्या दाराला लाव, आत हात लावशील तर बघ. आणि तरी लावला! एवढं सांगून, बजावून! कानफटात मारल्यासारखा तो ताठ झाला, मान वळवली आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडलाच, "विमल!"

आत कपांचा आवाज थांबला. कृष्णनाथानं खाली पाहिलं.

गोकुळदासाला आपण काय केलं ते उमगलंही नसेल. तो रागात होता आणि रागात हात आपलं काम करत होते. डाग दिसला की काढायचा, चाळीस वर्षांची सवय. उठून त्यानं बशी घेतली, थर्मासातलं कोमट पाणी ओतलं, चौकडी त्यात सोडली. कृष्णनाथ "बाब, जरा दमानं" म्हणेपर्यंत गोंद सुटायला लागला होता. लाल रंग आधी बोटाएवढा राहिला, मग सैल झाला, मग पाण्यात गुलाबी होऊन पसरला. त्यानं चौकडी टिपकागदावर उलटी घातली, वरून दाबली. हात जराही थरथरला नाही.

कृष्णनाथानं भिंग लावलं. "कमाल हात आहे तुमचा. कागदाला काही झालेलं नाही. कुणाचं बोट लागलं होतं असं आता ओळखूपण येणार नाही."

सेजल चहा घेऊन दारात उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं, मग बशीतल्या गुलाबी पाण्याकडे.

"बाबा, ते आईनं लावलेलं?"

"तुला ठाऊक होतं?"

"तिच्या शेवटच्या दसऱ्याला लावलं तिनं. तू न्हाणीत होतास. मी म्हटलं, आई, बाबा मारील तुला. तर म्हणाली, पुढून लावीन तर वाईट दिसेल, मागल्यान लावते. मागल्यान कोण बघता?" सेजलनं चहाचा ट्रे खाली ठेवला. "म्हणाली, सगळ्यांत चांगलं खंयचं ता माका ठाऊक आसा. त्याकाच लावते. त्यांचं बरं होऊक जाय म्हणून."

गोकुळदासानं डोळे मिटले. न्हाणीतून आपण बाहेर आलो तेव्हा विमला कपाटापाशी उभी होती, हात पदराला पुसत, चोरी पचल्यासारखी खुशीत. पदर डाव्या कमरेला खोचलेला. दिसली. फोटोतली नव्हे, ती.

तो उठला आणि कपाटातले सगळे आल्बम मेजावर ओढले. पहिला उघडला, तिकीट उचललं, उलटं केलं, भिंगाखाली धरलं. ठेवलं. दुसरं उचललं.

"बाब, कसला शोध?" कृष्णनाथानं विचारलं. सेजलनं त्याला खुणेनं गप्प केलं.

पान संपलं, आल्बम संपला, पुढचा उघडला. आता चिमट्यातून तिकिटं निसटत होती, एकाच्या कडेचे दाते दुमडले तरी त्याला पर्वा नव्हती. कुठंतरी एक ठिपका, एखादं तेलकट बोट, एक डाग. जन्मभर ज्याच्यावर डूख धरला तेच तो भिकाऱ्यासारखा मागत होता. एकही मिळेना. सगळी तिकिटं लखलखीत, मागून पुढून निर्दोष. त्याच्या डोळ्यांतलं पाणी गोंदावर पडत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

बाईनं जन्मभर त्याचं ऐकलं होतं. एकदाच ऐकलं नव्हतं, आणि तेवढंच त्यानं धुऊन टाकलं होतं.