साळूबाईचा अंगठा

“लाव अंगठा, साळूबाई. सूत आलं की परत घ्यायला पैला नंबर तुजाच.” आदगोंडा मुकादमानं शाईची डबी तिच्या नाकासमोर धरली.

मी पलीकडच्या मागावर होतो. चौथीपर्यंत शिकलेला, त्यात जन्माचा संशयी. मुकादमाला आमच्या भल्याची काळजी? इथंच पाणी मुरत होतं. मी कागद हिसकावून वाचला. ‘राजीखुशीने काम सोडत आहे.’

“आवं मावशी, लावू नगा! मंदीच्या नावाखाली काढत्यात, आन् वर तुमीच सोडलं म्हणून लिवून घेत्यात!”

साळूबाई रिळं भरायची. बारा वर्षं तुटल्या सुताला गाठी मारत होती. तिनं अंगठा मुठीत लपवला. “लय उपकार झालं, कृष्णात. आता बरमदेव आला तरी लावनार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीस जण गिरणीच्या फाटकाबाहेर. सांगलीचं संस्थान मुंबई प्रांतात जाऊन वर्ष झालं होतं, तिथला कायदा आता इथंही लागू होता. नोटीस न देता काढता येत नाही, असं आम्ही गाठलेले वकील म्हणाले. त्यांनी अर्ज लिहिला आणि मी सह्या-अंगठे घेत दारोदार फिरलो.

साळूबाईनं मूठ उघडलीच नाही. “ह्यात काय लिवलंय?”

“कामावर परत घ्या म्हणून.”

“मुकादमबी त्येच म्हणत हुता.”

“आवं, मी कृष्णात हाय!”

“व्हय, पर डबी तसलीच हाय की रं. तुला एकट्याला परत घेतो म्हणलं आसतील मालक. मानसाचा काय भरवसा?”

माझं डोकंच सणकलं. मीच वाचवलं आणि माझ्यावरच संशय! “मरा तिकडं,” म्हणालो आणि तडक निघून आलो. पुन्हा एकदा जायला हवं होतं. नाही गेलो.

चार महिन्यांनी निकाल लागला. काढणं बेकायदा, अर्जदारांना परत घ्या. आमची नावं वाचायला फाटकाशी आदगोंडाच उभा होता. साळूबाई सगळ्यांच्या पुढं, धुतलेलं लुगडं नेसून, फडक्यात भाकरी बांधून आलेली. एकोणचाळीस नावं झाली आणि त्यानं कागद मिटला.

“मुकादम, माजं ऱ्हायलं.”

“तुजं न्हाई ह्यात.”

तिला वाटलं, त्याचा काहीतरी गैरसमज झालाय. ती हसली. माझ्याकडं बोट करून म्हणाली, “त्याला इचारा की. म्या कशावरच अंगठा लावला न्हाई.”

मी मान खाली घालून आत गेलो. फाटक लागताना मागं पाहिलं. भाकरी काखेत धरून साळूबाई तिथंच उभी होती आणि आपला कोरा अंगठा मुकादमाला दाखवत होती.