गेर्वाझींच्या नामदिनाचा बर्फ

०°

पोलंडमधल्या वुच शहरातल्या रंग संशोधन संस्थेत बेनिग्नाने चंचुपात्र घमेल्यातल्या बर्फात रोवलं. आत डायझोचं द्रावण. पाच अंशांच्या वर गेलं की ते मरतं. थंड असतानाच हायड्राझोनमध्ये थेंबथेंब सोडायचं, मग चेरीसारखा लाल फॉर्माझान रंग उतरतो, त्यात तांबं घातलं की निळा. सुती कापडावरून धुण्याने न जाणारा निळा. त्यासाठी लागणारं अमाईन हे रसायन पूर्व जर्मनीहून आठ महिन्यांनी आलं होतं. ते सगळंच्या सगळं आता या पात्रात होतं. तीन वाजता कापडगिरणीचा माणूस नमुना न्यायला येणार होता. नमुना नाही, तर तिचं काम बंद.

२°

"बाई, चला, प्राध्यापक वाट बघतायत," सहकारी लुत्सियान दारात. "नामदिनाला नाही म्हणतात का कुणी?"

"द्रावण आहे."

"पाच मिनिटं. मी बघतो ना."

ती गेली. नामदिन, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, इथे वाढदिवसासारखाच; न जाणं म्हणजे वर्षभराचं वैर.

?

पाच मिनिटांची चाळीस झाली. सगळ्यांनी 'शंभर वर्षं जगा' गायलं. प्राध्यापक गेर्वाझी स्वतःच्या कारकिर्दीवर बोलत राहिले. जूनचा उकाडा, फ्रिज बिघडलेला, तरी ग्लास हाताला गार लागला. बेनिग्नाने एक घोट घेतला आणि बाटल्यांकडे पाहिलं. त्यांच्याखालचं बर्फाचं इनॅमलचं घमेलं तिचं होतं. तिच्याच हाताची चिठ्ठी त्यावर: हात लावू नये.

"अहो, गरम व्होडका कशी देणार?" लुत्सियान हसला. "तुमचं पात्र साध्या पाण्यात ठेवलंय ना."

१९°

पात्रात फेस. बुडबुडे. तळाशी तपकिरी डांबर.

तिने हायड्राझोनमध्ये एक थेंब टाकून पाहिला. लाल झालं नाही.

तरी १९°

प्राध्यापक तोंड पुसत आले. "होतं असं. नोंदवहीत लिहा, तापमानाकडे दुर्लक्ष झालं. खाली सही करा. बर्फाचं कशाला काढायचं? सणाचा दिवस आहे."

"दुर्लक्ष कुणाचं?"

"काम तुमचं होतं."

"बर्फ माझा होता. आणि भाषण तुमचं."

"आवाज खाली, बाई."

तिने आवाज वाढवलाच नव्हता. पेनाची टोपी काढली आणि उभ्याउभ्या नोंदवही ओढली. पानावर:

~~तापमानाकडे दुर्लक्ष~~

नाही. हे तिने लिहिलंच नव्हतं, ते प्राध्यापकांनी बोलता बोलता पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. तिने त्यावर रेघ मारली आणि खाली शाईने, खाडाखोड न करता लिहिलं:

१९ जून, १२.४०. बर्फ प्रयोगातून काढला: लुत्सियान. वापर: व्होडका गार करणे. अमाईन संपले. फॉर्माझान नाही.

गिरणीचा माणूस तीनला आला. केकची बशी हातात धरूनच प्राध्यापकांनी त्याला बसायला सांगितलं. बेनिग्नाने नोंदवही त्या माणसासमोर उघडली. "नमुना नाही. का नाही, ते इथे आहे," ती म्हणाली, आणि तो वाचेपर्यंत तिथून हलली नाही.