पेटलेली भट्टी

धाकट्या लेकीचं, स्वरूपाचं, लग्न झालं ते २०२३ साल. त्याच वर्षी जूनमध्ये यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी फरीदाबादच्या घरी यांनी हट्ट धरला, की नात अपूर्वाच्या ठोकळ्यांच्या खेळातल्या घराला लोखंडी दार बसवूनच जायचं. लाकडी दार खेळातली भुतं फोडत होती. यांचे हात थरथरायचे, म्हणून टॅब माझ्याकडे.

दगडी कुदळीने मी गुहेतून लोखंड खणून आणलं आणि डोंगराच्या पायथ्याशी भट्टीत टाकलं. दारासाठी लोखंडाच्या सहा लगडी, म्हणजे ओतीव विटा, हव्या होत्या. चार झाल्या आणि खेळातला सूर्य बुडाला. झाडांमागून हिरवी भुतं गुरगुरत निघाली.

"आजी, भागो यार! भट्टी आपोआप चालते!" अपूर्वा ओरडली.

"पेटलेली भट्टी सोडायची नाही," हे म्हणाले. चाळीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात काढलेला माणूस.

"अहो, मी मरेन ना!"

"मरतेस कसली! माझ्याशी संसार केलास, भुतांना काय भितेस?"

मला हसू आलं नाही. मी मेले असते तर काढलेल्या लगडी तिथेच सांडल्या असत्या, आणि पुन्हा खणायला यांच्याजवळ दिवस नव्हता. भूत पाठीला भिडलं. सहावी लगड उचलली आणि धावत सुटले.

दार बसलं. भुतं बाहेरून धडका देत राहिली. यांनी माझं मनगट घट्ट धरलं, तेव्हा कळलं, हेही घाबरलेत.

माझे यजमान सुधन्वा २३ जून २०२३ रोजी, शुक्रवारी, ऑपरेशन चालू असतानाच वारले.