अकरा मिनिटांची नावं

मृण्मयीने पिशवीतून प्रबंध काढला आणि द्वारकाबाईंच्या मांडीवर ठेवला. विद्यापीठात दाखल करून ती तडक गारखेड्यात त्यांच्या खोलीवर आली होती. आठव्या दिवशी नळाला पाणी आल्याने खोलीभर भरलेल्या घागरी मांडल्या होत्या. बसायला तेवढा बाजेचा कोपरा उरला होता.

"मावशी, त्या कंपनीची पार सालटी काढलीत मी यात!"

राग खराच होता. दुष्काळाच्या सालांत पैठणकडे पेरण्या बुडाल्या, की गावातले रिकामे हात पुंजारामच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहत. लग्नांचे व्हिडिओ काढणारा हा माणूस सिनेमेही काढी आणि सीडीवर विकी. कुणी बैलजोडी देई, कुणी भाकरी थापून देई, कुणी नुसतीच गर्दी करी. शेवटी पडद्यावर या सगळ्यांची नावं येत. चांगली अकरा मिनिटं! आपलं नाव येऊन गेल्याशिवाय कुणी जागचं हलत नसे. द्वारकाबाईंनी त्या सिनेमांत चौदा वेळा आईचं काम केलं होतं.

मग मुंबईच्या एका कंपनीने त्यातला एक सिनेमा उचलला, देशोदेशी दाखवला आणि परदेशी माणूस एवढा वेळ थांबत नाही म्हणून सगळी नावं छाटून टाकली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात! मृण्मयीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. मार्गदर्शकांशी भांडून तिने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

"वाच बरं," द्वारकाबाई कौतुकाने म्हणाल्या.

मृण्मयी आवाज चढवून वाचू लागली. "नावे पुसणे म्हणजे माणसे पुसणे होय. प्रतिसादक क्रमांक नऊ सांगतात, पडद्यावर माझं नाव आलं की आमचे मालक शिट्टी वाजवायचे..."

"थांब. ही तर माझी गोष्ट हाय. नऊ कोण?"

"तुम्हीच, मावशी. संशोधनात पद्धतच असते तशी. खरी नावं घालत नाहीत."

"मला इचारलं व्हतं?"

मृण्मयी चष्मा काढून ओढणीने पुसत बसली. विचारलं नव्हतं.

"आन आठ कोण?"

"पुंजारामकाका."

"आगं, ज्यानं शेळी देणारीचंबी नाव लिवलं, त्याला तू आठ करून ठिवलं?" द्वारकाबाई संतापल्या. "कंपनी लई लांबची. तिला आमची तोंडंबी ठाव नाय. तू तर दोन वर्सं आमच्यात उठली-बसली."

"मावशी, नियम असतो हो..."

द्वारकाबाईंनी प्रबंध मिटला. त्यांना वाचता येत नव्हतं. पदराला हात पुसून त्यांनी पुठ्ठ्यावरच्या सोनेरी अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं.

"मग हे कुणाचं नाव हाय?"

मृण्मयीने खाली बघत सांगितलं, "माझं."