दुसरा ब्रेक

मास्तरांचा उजवा पाय झोपेतही कामावर असे. स्वप्नात एखादी सायकल आडवी आली, की पलंगाच्या पायथ्याची फळी दाणकन वाजायची आणि बायको कूस बदलत म्हणायची, "थांबवलीत ना? आता झोपा." बिचाऱ्यांचा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात गेला होता, तोही शेजारच्या सीटवर बसून. तिथे त्यांच्यासाठी एक दुसरा ब्रेक होता. शिकणारा अगदीच गडबडला तर दाबायचा, एरवी त्याला शिवायचं नाही, हा त्यांचाच नियम. पोहायला शिकवणाऱ्याने हात सोडायलाही शिकावं, असं ते येईल त्याला ऐकवत.

गाडी शिकवायची शाळा बंद केली तरी गाडी ठेवली होती, कारण एक शिष्या उरली होती: त्यांची लेक. ती नर्स. सोमवारपासून तिला टेकडीवरच्या वस्तीत घरोघरचे रुग्ण बघायचे होते, एकटीने गाडी नेऊन. परवाना हातात होता. परीक्षेच्या दिवशी परवाना देणारे साहेब मागे बसले होते आणि शेजारी नेहमीप्रमाणे बाबा. "पोटातलं पाणी हलू दिलं नाही हिने," असं साहेब म्हणाले, तेव्हा मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

रविवारी सकाळी धुकं पडलं होतं. समोरची घरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती. मास्तर गाडी पुसत होते. फडकं घेऊन खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. लेक शिकायला लागली तेव्हा दोन्ही ब्रेकच्या पायपट्ट्यांना नवं रबर बसवलं होतं. तिच्या ब्रेकचं रबर अजून कोरं करकरीत होतं. त्यांच्या बाजूचं मात्र झिजून पार गुळगुळीत झालं होतं.

त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि सगळं उमगलं. परक्यांच्या पोरांसाठी जो पाय गप्प बसला, त्याने घरच्या पोरीसाठी चोरून काम केलं होतं, आणि धन्याला पत्ता लागू दिला नव्हता. माया आंधळी असते म्हणतात. मास्तरांची तर चांगली डोळस होती, समोरचा खड्डा लेकीच्या आधी बघायची.

"चल, एक फेरी मारू," ते आत जाऊन म्हणाले.

"या धुक्यात?"

"मग रुग्ण काय ऊन पडायची वाट बघणार आहेत?"

खरं तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, पण जीभ रेटेना. त्यांनी पट्टा लावला आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"बाबा, जेवायला बसलात का?"

"पाय दुखतोय. हळू ने, सायकलच्या वेगाने."

दिसेल ते बोलत चालवायचं, ही मास्तरांच्या शाळेची रीत. लेक अंगाई म्हटल्यासारखी बोलू लागली. "कुत्रा, विचारात पडलाय. दूधवाला, पाठमोरा. उघडं फाटक, आत कोणी नाही." तिच्या तोंडून एकेक वस्तू धुक्यातून बाहेर येत होती आणि मागे विरत होती. मास्तरांना वाटलं, हे असंच चालू राहावं, सोमवार उजाडूच नये.

गाडी उताराला लागली.

"चेंडू," लेक म्हणाली.

लाल चेंडू टुणटुणत रस्त्यात आला. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि शांतपणे वाट पाहिली. गाडी आपोआप थांबते, हे तिला इतक्या महिन्यांत पाठ झालं होतं. गाडी चालतच राहिली. मास्तरांचा पाय मांडीखाली फडफडला.

"बाबा, थांबत नाहीये!"

"ती नाही थांबणार!" हँडब्रेककडे हात नेत मास्तर ओरडले. "तू थांबव!"

तिचा पाय पडला. गचका खाऊन गाडी थांबली.

धुक्यातून एक चिमुरडी आली. तिने चेंडू उचलला, काचेतून मांडी घातलेले मास्तर पाहिले, खुदकन हसली आणि पुन्हा धुक्यात गेली.

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. लेकीने गाडी बंद केली.

"म्हणजे परीक्षासुद्धा तुम्हीच दिलीत?"

"हो. आणि पास झालो."

ती हसली नाही. "उद्या मी एकटी असते, बाबा."

"चुकलो गं," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

तिने नाक पुसलं, वरिष्ठांना फोन करून मुदत मागून घेतली, आणि मागच्या सीटकडे बोट दाखवलं. "तिथे बसा." मास्तर मुकाट्याने मागे गेले. पाय कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. मग रोज सकाळी ती गचके देत गेली आणि ते खात गेले. होता होता गचके मऊ झाले, आणि तिच्या ब्रेकचं रबर झिजायला लागलं.

ती एकटी निघाली त्या सकाळीही धुकं होतं. मास्तर चहाचा कप धरून टेबलापाशी बसले होते. गाडी उताराला लागल्याचा आवाज आला आणि त्यांचा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला.

बायकोने टेबलाखालून आपला पाय त्यावर ठेवला. "अहो, उचला तो. तिला तिचा पाय आहे."

मास्तरांनी पाय उचलला. खाली, धुक्यात, गाडीचा आवाज मंदावला, थांबला, जरा वेळाने पुन्हा सुरू झाला आणि पुढे निघून गेला.