अधिकातला जावई

आमच्या घरी एसी एकच आहे आणि तो मांजरांच्या खोलीत आहे. मे महिन्यात जयपूरचा पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा तीन पर्शियन मांजरी गारव्यात पाय ताणून झोपतात आणि विमा कंपनीचा एक अधिकारी, म्हणजे मी, हॉलमध्ये कूलरसमोर बसून बनियन ओला करून घेतो. तक्रार केली की अलका म्हणते, "तुमच्या अंगावर एवढे केस आहेत का हो?" अंगावर सोडा, डोक्यावरही नाहीत. पण ते ती बोलत नाही, एवढी माया अजून शिल्लक आहे.

अलका साताऱ्याची. माझी बदली इकडे झाली त्याला अकरा वर्षं झाली. मी सकाळी झालान्याच्या ऑफिसात, मुलगी ऋचा शाळेत, आणि अलका जवाहर नगरच्या त्या घरात दिवसभर भिंतींशी बोलत बसायची. मग एके दिवशी तिनं एक मांजर आणलं. पुढे दुसरं, मग तिसरं. प्रत्येकीची चार पिढ्यांची वंशावळ क्लबच्या शिक्क्यासह. नावं तिनं साड्यांवरून ठेवली: पैठणी, इरकल आणि नारायणपेठ. तिघींसाठी तीन कंगवे, डोळे पुसायला कोमट पाणी आणि कापूस, आणि रोज उकडलेलं चिकन, बिनमिठाचं. मी बीपीसाठी बिनमिठाचं जेवतो, तर माझं जेवण त्याच कुकरमध्ये वरच्या डब्यात होतं.

पिल्लं विकते म्हणतात खरं, पण खरं सांगायचं तर ती स्थळं बघते. गिऱ्हाईक आलं की सोफ्यावर बसवून प्रश्न: घरात माणसं किती, खिडक्यांना जाळी आहे का, सुट्टीत कुणाकडे ठेवणार? राजा पार्कातल्या एक बाई पैसे घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "अलकाजी, हमारा सोफा क्रीम है, बिल्कुल मैचिंग हो जाएगी." अलकानं त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. ज्यांना पिल्लू मिळतं त्यांनाही सुटका नाही, कारण दर रविवारी फोटो पाठवावा लागतो.

पैठणी सगळ्यांत लाडकी. तिच्यासाठी अलकानं नर निवडला तोही तसाच तोलामोलाचा. मिलिटरी स्टेशनात कर्नल सर्जेराव निंबाळकर राहतात. त्यांच्या बायकोचा, प्रणालीचा नवाब. पांढराशुभ्र, चपट्या नाकाचा, दोन पदकं मिळवलेला. प्रणाली ही अलकाची जयपुरातली एकुलती एक मराठी मैत्रीण. दोघी फोनवर तास तास बोलतात आणि त्यातला पाऊण तास मांजरांचा असतो. या व्यवहारात मादीनं चार दिवस नराच्या घरी राहायचं असतं. अलकाच्या लेखी ते सासर. तिनं पैठणीच्या पिंजऱ्याबरोबर खण-नारळ पाठवला, आणि प्रणालीनं तो निमूटपणे ठेवून घेतला. मैत्री म्हणतात ती हीच.

आता माझा गुन्हा सांगतो.

पैठणी माजावर आली की घरात संचारबंदी लागते. गच्चीच्या दारावर पुठ्ठा: "पैठणी. दार बंद." यंदा ती माजावर आली ती नेमकी गुढीपाडव्याच्या तोंडावर. दहा वाजता प्रणालीची गाडी येणार, त्याआधी गुढी उभारायची. आख्ख्या सेक्टरमध्ये गुढी आमची एकट्यांचीच, त्यामुळे ती गच्चीवर, रस्त्यावरून दिसेल अशी हवी. अलका खाली श्रीखंडाचा चक्का फेटत होती. मी एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या, काखेत खण, खांद्यावर कडुलिंब असा वर गेलो. गाठी साताऱ्याहून कुरिअरनं आलेली, ती दातात. दार लावायला हात उरला नव्हता. वर गेल्यावर लक्षात आलं की सुतळी खालीच राहिली. म्हणून पुन्हा खाली आलो. सुतळी काही सापडेना. सापडली ती फ्रिजवर.

परत गेलो तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत पैठणी लोळत होती आणि कठड्यावर हिंदुराव बसून पंजा चाटत होता.

हिंदुराव म्हणजे आमच्या कॉलनीचा बोका. नारिंगी, पट्ट्यापट्ट्यांचा, एक कान फाटलेला, आणि मिशा अशा की तालमीतून आत्ताच आलाय. नाव मीच ठेवलंय. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सावकाश शेजारच्या गच्चीवर निघून गेला. मी पैठणीला उचललं, धूळ झटकली, खाली आणून खोलीत ठेवलं आणि कुणाला काही बोललो नाही. वीस मिनिटं. पंचवीस म्हणा. वर मनाची समजूत घातली की आज पाडवा, एवढा शुभ दिवस, काही वाईट व्हायचं नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त, या दिवशी हाती घेतलेलं काम तडीस जातं, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

पैठणी सासरी गेली, चार दिवसांनी परत आली आणि मेच्या शेवटी व्याली. चार पिल्लं. तीन पांढरी, चपट्या नाकाची. चौथं नारिंगी. पट्ट्यापट्ट्यांचं.

पहिले काही दिवस अलका म्हणाली, "रंग बदलेल." रंग काही बदलला नाही. उलट नाक पुढे आलं, केस आखूड राहिले आणि तिसऱ्या आठवड्यात त्या बेट्यानं खोक्याच्या कडेवर चढून माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर तोंडासमोर धरला. भाऊ चपटे, बोकोबा लांब नाकाचे. अलकानं पोरांची नावं पुरुषी कपड्यांवरून ठेवायची पद्धत पाळली. तिघं उपरणं, शेला आणि धोतर. नारिंगीचा झाला फेटा.

घोळ एवढ्यावर थांबला असता. पण यंदा अधिक महिना आला होता.

अधिकात जावयाला वाण द्यायचं: तेहतीस अनारसे आणि दिवा. अलकाला जावई नाही, ऋचा अजून पुण्यात कॉलेजात आहे. म्हणून तिनं ठरवलं होतं की वाण नवाबला द्यायचं. अनारसे कर्नलसाहेब खातील, नवाबला गळ्यात चांदीची घंटा. तांदूळ भिजवून, वाळवून, गुळात मळून पीठ मुरत ठेवलं होतं. अधिक संपायला चार दिवस होते. त्या दुपारी अनारसे तळता तळता तिनं अचानक गॅस बंद केला.

"मी काय मूर्ख आहे का?" ती म्हणाली. "नवाबच्या घराण्यातच काहीतरी आहे. आजा नाहीतर पणजा रस्त्यावरचा असणार. कागद खोटे आहेत प्रणालीचे."

सुट्टीवर आलेली ऋचा तिथंच मोबाईल घेऊन बसली होती. "मम्मा, एका लिटरमध्ये, म्हणजे एकाच वेळच्या पिल्लांमध्ये, दोन पापा असू शकतात. मतलब, सायन्समध्ये होतं असं. मांजरांना अलग-अलग होऊ शकतं."

"माझी पैठणी तसली नाही," अलका म्हणाली. "ती घराबाहेर गेली ती फक्त प्रणालीकडे."

अनारशांच्या ताटाशेजारी बसून तिनं फोन घेतला. मांजरवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, जयपूरपासून दिल्लीपर्यंतची दीडशे माणसं. त्यावर ती लिहायला लागली, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायला लागली. नवाबशी कुणीही संबंध जोडू नये. त्याची वंशावळ बनावट आहे. फसवणूक झाली आहे. नाव प्रणाली निंबाळकर.

मांजराचं सोडा, ते आपलं कसंही वाढलं असतं. पण या बाईला जयपुरात जीव लावणारं एक माणूस होतं आणि ती ते माझ्या एका सुतळीपायी घालवायला निघाली होती. अंगठा बटणावर जाणार, इतक्यात मी म्हणालो, "थांब."

"काय?"

"पाडव्याला गच्चीचं दार उघडं राहिलं होतं. माझ्याकडून. पैठणी वर गेली होती. हिंदुराव होता तिथं."

ऋचानं मोबाईल हळूच उलटा ठेवला.

"किती वेळ?" अलकानं विचारलं.

"वीस मिनिटं. पंचवीस म्हण."

मी खानदान, क्लब, इभ्रत या सगळ्यांची तयारी करून उभा होतो. पण अलका उठली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. "पंचवीस मिनिटं माझं लेकरू एकटं गच्चीवर होतं? अहो, माकडं असतात वर! संक्रांतीचा मांजा लटकतोय अजून टाकीला! गेल्या वर्षी झालान्याच्या जंगलातला बिबट्या आला होता कॉलनीत, विसरलात? तिला काही झालं असतं म्हणजे? आणि तीन महिने तुम्ही गप्प! मी तिला उन्हातून आल्यावर पाणीसुद्धा पाजलं नाही!"

अशी बोलणी मी सव्वीस वर्षांत खाल्ली नव्हती. मला खरंच लाज वाटली. त्यानंतर तिनं फोन उचलला, तो मजकूर एकेक अक्षर करत पुसला आणि गॅस पेटवून उरलेले अनारसे तळले.

दुसऱ्या दिवशी ती वाण घेऊन प्रणालीकडे गेली आणि स्वतःच सगळं सांगून आली. मनात आणलेला संशयही सांगितला. प्रणाली आधी रुसली, मग हसली, आणि कर्नलसाहेब अनारसा हातात धरून पाच मिनिटं हसत होते म्हणे. तीन पिल्लांच्या कागदावर प्रणालीनं सही केली. चौथ्याच्या कागदावर वडिलांच्या नावाची जागा रिकामी राहिली. क्लब म्हणतो, रिकामी जागा म्हणजे पिल्लू नोंदीबाहेर.

अधिकाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर घरात कुणी नाही. वर गच्चीवर गेलो. टाकीजवळ, गुढी होती त्याच जागी, अलका पाट मांडून बसली होती. समोर निरांजन. स्टीलच्या ताटात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे.

"तेहतीस आहेत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मोजलेत. जावई तो जावईच. कागद असो नसो."

हिंदुराव आला. कठड्यावरून अंदाज घेतला, निरांजनाला वळसा घातला आणि ताटाशी बसला. अलकानं लांबूनच अक्षता टाकल्या. त्यानं त्यातला एक दाणा हुंगला आणि चिकनकडे वळला. जेवला आणि मागे न बघता निघून गेला. अलका त्याच्याकडे कौतुकानं बघत होती.

मी तिथंच उभा होतो. साताऱ्याला माझ्या सासऱ्यांच्या बैठकीत सात पिढ्यांची वंशावळ काचेत लावलेली असायची. माझे वडील सोलापूर एसटीत कंडक्टर. अलकानं माझ्याशी लग्न केलं तेव्हा त्या काचेत माझ्यासाठी जागा नव्हती. लग्नानंतर किती अधिक महिने आले आणि गेले, साताऱ्याहून एक अनारसा आला नाही. अलका दर अधिकात एकदा तरी पोस्टमनची वाट बघायची, मला कळू न देता. मला कळायचं. सासरे गेले त्याच्या आदल्या अधिकात पार्सल आलं. अनारसे वाटेत फुटले होते. आम्ही दोघांनी चुरा चमच्यानं खाल्ला होता.

अलका उठली, ताट उचललं आणि पदराखालून एक डबी काढली. एक अनारसा. "चौतीस केले होते," ती म्हणाली. "घ्या. दार लावा पण आधी."

मी दार लावलं. खाली आलो तर फेटा एसीच्या खोलीतून निसटून कूलरसमोर, माझ्या जागेवर झोपला होता. त्याला मागणारी तीन माणसं येऊन गेली आहेत. अलकानं तिघांनाही चहा पाजून परत पाठवलं.